सतरा नंबरचा गर्डर

भिवंडी, गुरुवार संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. इमारतींत किती लोखंड, किती विटा आहेत ते मोजायचं, हे माझं संशोधन. उन्हाळ्यात लूमच्या एका कारखान्यात गर्डर मोजताना पिवळ्या रंगाने नंबर टाकले होते. नंतर कारखाना पाडला. मी ते सगळं लोखंड 'भंगार' म्हणून नोंदवून मोकळी झाले.

आज पूर्णा गावात नवं गोदाम मोजायला गेले, तर वर पिवळा सतरा. सातचं शेपूट वाकडं. माझंच!

"काका, हा गर्डर जुना आहे?"

गोदामाचे मालक म्हणाले, "मंग? चांगलं लोखंड हाय. वितळवायचं कशाला?"

माझ्या गाईड सरांना फोन केला. "नवी इमारत ना? 'नवीन' लिही. रकाने दोनच आहेत, 'नवीन' आणि 'भंगार'. फॉर्म तूच केलायस."

मीच! असे किती गर्डर मी मारले आणि पुन्हा जन्माला घातले? आता 'पुन्हा वापरलेलं' असा तिसरा रकाना आखलाय. पण पाडलेल्या कारखान्यांचं लोखंड गेलं कुठे, हे वर्षभर मी कुणालाच विचारलं नव्हतं. आज विचारलं. काकांनी चहा संपायच्या आत चार गोदामं सांगितली.

त्यातली तीन मी 'नवीन' म्हणून मोजलीत.