केरीची शर्यत

सर, आज तळ्यावरून आले आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले. तळ्यावरून म्हणायची सवय राहिली आहे एवढंच. पाणी नाही. निपाणीकडचा एक ट्रॅक्टरवाला ट्रॉली उलटी करत होता, त्यात वखारीतल्या तंबाखूच्या काड्या, फाटकं बारदान, प्लास्टिक, सगळं काही. मी त्याला म्हटलं, इथं टाकू नका. तो म्हणाला, "मग कुठं टाकू बाई? ही केर टाकायचीच जागा हाय न्हवं?" मी मागं फिरले. तुम्ही असता तर त्याला ट्रॉली परत भरायला लावली असती, हे मला माहीत आहे आणि त्याचाच जास्त राग येतो.

तुम्ही ड्रिलचे मास्तर. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि चिडलात की दोन्ही एकदम. गावाच्या खालच्या अंगाचं ते तळं तुमच्या तोंडी कायम 'केरी'च, कन्नड घरांत म्हणतात तसं. परीक्षा संपल्या की पाणी उतरायचं, काठाचा काळा गाळ उघडा पडायचा आणि तुम्ही शर्यत लावायचात. बांधावरून दोन फेऱ्या. आजूबाजूच्या गावांतून माणसं यायची, शाळेची पोरं, वखारीतल्या बाया, एकदा तर चिकोडीहून एक पोस्टमन सायकलवरून आला आणि अंगातली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पळाला. फी नव्हती. फी म्हणजे एक बुट्टी, टोपलीभर, गाळ. प्रत्येकानं घरून बुट्टी आणायची, काठाचा गाळ भरायचा, बांधावर तुमच्यापुढं नेऊन ठेवायचा, आणि मगच पळायचं. "आधी गाळ, मग पळ," असं तुम्ही शिट्टी वाजवून ओरडायचात. दुसऱ्या दिवशी तळ्याशेजारच्या कन्नड घरातले आप्पा आपली बैलगाडी घेऊन यायचे आणि तो ढीग ज्याच्या त्याच्या शेतात पोचवायचे. शेताला खत आणि तळ्याला खोली. पलीकडच्या गावाचं तळं शिमग्यालाच आटायचं, आपल्यात मात्र मृगापर्यंत पाणकोंबड्या असायच्या. हे सगळं एका शर्यतीवर चाललं होतं, हे आम्हाला कुणाला कळलं नाही, कारण आम्हाला ती शर्यतच वाटायची.

चिंचेला टांगलेला तुमचा फलक आठवतो. एका बाजूला देवनागरीत 'केरीची शर्यत', दुसऱ्या बाजूला कन्नड अक्षरांत तेच दोन शब्द, अर्धे कन्नड आणि अर्धे मराठी. ज्यानं जिकडून यावं त्यानं तिकडून वाचावं. मी विचारलं होतं, सर, हे कुठल्या भाषेत आहे? तुम्ही म्हणालात, "गावच्या."

आणि तो दिवस आठवतो, जो तुम्ही विसरला असाल. आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा, मी नववीत. माझे वडील निपाणीला वखारीत, त्यामुळे घरात काड्यांना तोटा नव्हता. मला दम राखायचा होता. ओला गाळ चढणीवर नेला की पाय गळतात, म्हणून मी बुट्टीत तळाला काड्या दाबल्या आणि वर चार बोटं गाळ थापला. तुम्ही बुट्टी उचललीत, माझ्याकडं बघितलंत आणि बाजूला ठेवलीत. मला वाटलं, सुटले. मी पळते आहे, करंजाची झाडं मागं पडतात, कन्नड शाळेतली ती उंच मुलगी माझ्या मागं धापा टाकते आहे, आणि मी पहिली येते. आयुष्यात पहिल्यांदाच पहिली. तुम्ही हाक मारता, "बा इल्ली," इकडं ये. मी बक्षिसासाठी पुढं होते आणि तुम्ही सगळ्या गावासमोर माझी बुट्टी उलटी करता. वारा होता. तंबाखूची धूळ उडाली आणि अख्खा बांध शिंकायला लागला. आप्पा शिंकले, बैल शिंकले, बोलता बोलता तुम्हीसुद्धा शिंकलात. "पाय खरं हाईत गं तुझं," तुम्ही नाक पुसत म्हणालात, "बुट्टी खोटी हाय." स्टीलचा डबा त्या उंच मुलीला दिलात. मला दोन बुट्ट्या गाळ काढायला लावलात. मी रडत काढला. खरं सांगते, त्याबद्दल अजूनही तुमच्यावर थोडा राग आहे. पोरीची जात, नववीतलं वय, बाजूला घेऊन सांगता आलं असतं.

पुढं मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा तुम्ही निवृत्त होत होता. स्टाफरूममध्ये ती पितळी शिट्टी माझ्या हातावर ठेवलीत. "आता तू बघ केरीचं," एवढंच बोललात. नियम कुठं लिहून ठेवला नाहीत, कुणाला चार शब्दांत सांगितलं नाहीत की गाळ हीच खरी शर्यत आहे आणि पळणं हे नुसतं निमित्त. सगळं तुमच्या त्या उलट्या केलेल्या बुट्टीत होतं. दोन वर्षांत तुम्ही गेलात.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात शर्यतीच्या कमिटीची शाळेत मीटिंग झाली. भाषेवरून पेटलेली ती वर्षं. बेळगावात मोर्चे, एस्ट्यांच्या पाट्यांना डांबर, आणि गावात कालपर्यंत एका ताटात जेवणारी माणसं 'आमचं' आणि 'त्येंचं' बोलायला लागलेली. फलक जुना झाला होता, नवा रंगवायचा होता. कुणी म्हणालं 'तळ्याची शर्यत' लिहा. आप्पा म्हणाले, "मास्तरनी ल्हिलंय तेच ऱ्हाऊ द्या की. केरी म्हटलं तर काय बिघडतंय?" तेव्हा कुणीतरी म्हणालं, "अहो आप्पा, मराठीत केर म्हणजे कचरा. शर्यतीला कचऱ्याचं नाव कशाला?" सगळे हसले. लई हसले. आप्पा हसले नाहीत. टोपी घालून उठले आणि दारातून म्हणाले, "आमच्या केरीला केर म्हनतासा व्हय? बरं." बैलगाडी त्यानंतर कधी आली नाही.

पुढच्या वर्षी दोन शर्यती. शनिवारी मराठीवाल्यांची 'तळ्याची', रविवारी कन्नडवाल्यांची 'केरी ओट', म्हणजे तळ्याचीच शर्यत. तोच बांध, त्याच दोन फेऱ्या, तीच चिंच. आमच्याकडं माईक आला, पाहुणे आले, नंबर छापलेले बनियन आले. बुट्ट्या आल्या नाहीत. मी विचारलं तर उत्तर मिळालं, "गाळ त्येंनी काढावा, केरी त्येंचीच हाय न्हवं." आणि त्यांच्यात म्हणे ठरलं होतं, तळं म्हणतात ना, मग तळ्यातला गाळ तळ्यावाल्यांनी काढावा. एवढी शहाणी माणसं, सर! ज्या गाळावर दोन्हीकडच्यांचं जोंधळ्याचं पीक उभं राहायचं, तो काढायचा कुणी यावर वाद घातला, आणि तो वाद कन्नडमध्येही झाला आणि मराठीतही. मी शिट्टी वाजवत होते. पळणाऱ्यांना बरोबर वेळेवर सोडत होते. तीन उन्हाळे. चौथ्या उन्हाळ्यात तळ्यात केंदाळ आणि चिखल, पाणी गुडघाभरसुद्धा नाही, पळायला बांधावर वीस माणसं. मग दोन्ही शर्यती बंद पडल्या. वखारीतून पहिली गाडीभर काड्या कुणी आणून टाकल्या ते कुणालाच माहीत नाही. कचऱ्यावर कचरा पडायला काही लागत नाही.

मी मुलांना, नव्या मास्तरांना, मागं एकदा बोलावलं तेव्हा पंचायतीतसुद्धा हे सगळं सांगितलंय. भाषेच्या भांडणानं तळं खाल्लं, असं सांगते. कमिटीनं घोळ घातला, असं सांगते. सांगताना आवाज चढतो माझा, आणि लोक मान डोलावतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. शिट्टी ज्या डब्यात आहे त्यातच घडी करून ठेवीन. पण तुम्ही बुट्टी उचलून बघणारे, तुम्हाला वजनावरूनच कळलं असेल की हेही मी तसंच भरलंय, वर चार बोटं गाळ आणि खाली काड्या. मीटिंगमध्ये ते कुणीतरी नव्हतं, सर. मराठीची बाई मीच होते. हसवलं मी.