उजवा कान

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. खरोखर वाकता येत नाहीये, कारण चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे बसून लिहितेय आणि समोर एक आजोबा अर्ध्या तासापासून फ्रेम्स घालून बघताहेत. प्रत्येक फ्रेमला "कसा दिसतो?" विचारतात, मी प्रत्येक वेळी "छान" म्हणते. आता त्यांचाही माझ्यावरचा विश्वास उडालाय.

फोन करू नकोस, कुणाचा आवाज नकोसा वाटतो, असं तू जाताना म्हणालीस, म्हणून हा कागद. तुझ्या दादांकडे रुळलीस का? त्यांच्या लाँड्रीत बसून तू लोकांच्या शर्टांना चिठ्ठ्या लावतेयस, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. वहिनींशी पटतंय ना?

माझं तेच चाललंय. सकाळी दुकान, दुपारी दोन मुलांच्या शिकवण्या (एकाला गाण्यापेक्षा माझी पाण्याची बाटली जास्त आवडते), संध्याकाळी तालीम. मागच्या आठवड्यात दोन लग्नांत आणि एका अंत्यविधीला गायले. तिन्हीकडे तोच काळा ड्रेस, लग्नात फक्त गळ्याला रंगीत रुमाल. वाफ घेते, थंड पीत नाही, बसमध्ये तोंड उघडत नाही. शेजारच्या बाई मला मुकी समजतात. परवा हातवारे करून विचारत होत्या, पाणी आलं का म्हणून.

आपल्या गायनवृंदात तुझ्या जागी एक मुलगी आलीय. सारखा घसा खाकरते, म्हणून तिचं नाव पडलंय खाकरू, जसं माझं पेन्सिल. गाते बरी, पण आळीपाळीचा श्वास तिला जमत नाही. आपण दोघी एका ओळीवर असायचो तेव्हा तू श्वास घेतलास की मी सूर धरायचे, मी घेतला की तू. ऐकणाऱ्यांना वाटायचं, या बायकांना फुप्फुसं आहेत की गोदामं. ही नेमकी माझ्याबरोबरच श्वास घेते, ओळीला भोक पडतं आणि मास्तर पेन्सिल आपटतात.

झालं ते मनाला लावून घेऊ नकोस. "सूर खाली ओढते" एवढ्या एका वाक्यावर चौदा वर्षं गाणाऱ्या माणसाला कुणी घरी पाठवतं का? चारशे वर्षांपूर्वीची गाणी, सोबत एकही वाद्य नाही, सोळा माणसांनी एकमेकांच्या आधाराने उभं राहायचं. सूर थोडाफार उतरणारच. त्याला एकटी तू कशी जबाबदार?

बाकी सगळं ठीक. आजोबा फ्रेम न घेताच गेले.

तुझी,
पेन्सिल


९ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचून दहा दिवस झाले. उशीर झाला त्याला कारण काही नाही. म्हणजे कामं होती, पण कामं नेहमीच असतात.

दादांनी नवीन इस्त्री घेतली हे वाचून बरं वाटलं. इथे तालमीच्या खोलीतला हिटर पुन्हा बिघडलाय. एका कोपऱ्यात भट्टी, दुसऱ्यात बर्फ. खालच्या पट्टीतले बुवा कोट घालून गातात, आणि श्वास भरला की त्यांच्या पोटावरची बटणं एकेक करून दगा देतात. काल एक बटण थेट मास्तरांच्या वहीवर जाऊन पडलं. कुणी हसलं नाही. तू असतीस तर हसली असतीस, आणि मग सगळेच हसले असते.

तू विचारलंयस, मास्तर म्हणाले होते, "हे फक्त माझं मत नाही, तुमच्यातल्यांनाही तसंच वाटतं," तर ती माणसं कोण. ताई, मला कसं माहीत असणार? मास्तर कुणाला खोलीत बोलावतात, काय विचारतात, ते मला सांगून थोडंच करतात. आणि नाव कळून तरी काय होणार आहे? उगाच त्या माणसाबद्दल मनात अढी बसेल.

आणि ते दुसरं काय लिहिलंयस? "कान गेला असेल तर आपल्याला कळणार कसं? कळायचं ते कानानेच ना." असलं काही डोक्यात आणू नकोस. खरंच आणू नकोस. तुझा कान चांगला आहे. मी सांगतेय ना.

माझ्या कानाला मात्र दडे बसल्यासारखं होतंय, गेल्या हिवाळ्यातल्या त्या तापापासून. विशेष काही नाही. थंडीचं होतं असं.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. आधीची दोन फाडली. अक्षर वाईट आलं होतं.

तुझी,
पेन्सिल


२७ जानेवारी

ताई,

आज नमस्कार करायची लायकी नाही, तेव्हा सरळ लिहिते.

परवा दादांचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलंय त्यांनी, रागावू नकोस. लिहितात, "ही लहानपणापासून कामं करताना गुणगुणते. आईचा ओरडा खाल्ला तरी थांबली नाही. आता चार महिने झाले, घरात एक सूर नाही. रेडिओवर गाणं लागलं की उठून बंद करते. तिला काय झालंय ते तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा, कारण आम्ही विचारलं की ती म्हणते, माझा कान खोटा निघाला."

दादांचं पत्र काउंटरवर ठेवून मी दोन गिऱ्हाइकं केली. एकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. मालक बोलले, मी ऐकून घेतलं.

मास्तरांना सांगणारी मी होते.

सप्टेंबरमध्ये त्यांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. खुर्चीवर वह्यांचा ढीग होता, म्हणून मी उभीच होते. ते म्हणाले, "तू तिच्या शेजारी उभी राहतेस, तुलाच नीट कळणार. सूर तीच उतरवते ना?" मी म्हणाले, "हो. गेले काही महिने मलाही तसं वाटतंय."

मला खरंच तसं वाटत होतं ग. शपथेवर सांगते. तुझा सूर मला रोज जरासा खालीच ऐकू यायचा. वाईट वाटायचं, पण वाटायचं, वय असेल, दगदग असेल. आणि तू एकटी पडू नयेस म्हणून मी माझा सूर खाली आणून तुझ्या सुराला मिळवायचे. मला वाटायचं, मी तुला सांभाळून घेतेय.

तू गेल्यावर खाकरू तुझ्या जागी, माझ्या उजव्या हाताला उभी राहिली. दुसऱ्याच दिवशी तीही मला खाली ऐकू आली. मनात म्हटलं, हिलाही तोच रोग! मग ऑक्टोबरच्या अखेरीस हिटर पहिल्यांदा बिघडला आणि मास्तरांनी रांग उलटी केली. खाकरू आली डावीकडे, बुवा उजवीकडे. आणि खाकरू एकदम सुरात आली. बुवा बिचारे उतरले. बुवा, ज्यांच्या सुरावर आपण सगळे घर बांधतो!

त्या दिवशी तालमीत मी नुसते ओठ हलवले.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत वेगवेगळे सूर ऐकवून पाहिले. तापानंतर असं होतं कधीकधी, म्हणाले. माझ्या उजव्या कानाला प्रत्येक सूर थोडा उतरलेला ऐकू येतो. डावा चांगला आहे. माझ्या उजव्या हाताला गेली चार वर्षं कोण उभं होतं, ते तुला सांगायला नको.

म्हणजे खरं असं झालं. तू बरोबर गात होतीस. मला तू खाली वाटलीस, म्हणून मी खाली आले. आणि मी खाली आले की तू मला एकटं सोडायचं नाही म्हणून माझ्यामागे यायचीस. मग आपल्या दोघींमागे सगळे.

इथवर चूक म्हणता येईल. पण हे मला ऑक्टोबरात कळलं, आणि तुला मी नोव्हेंबरात आजोबांच्या फ्रेम्स लिहिल्या. डिसेंबरात तू सरळ विचारलंस तर म्हणाले, मला कसं माहीत असणार. याला चूक म्हणत नाहीत. मला माझी जागा सोडवत नव्हती. बस, एवढंच कारण आहे. मला दुसरं काही येत नाही, आणि गायला मिळालं नाही तर मी फक्त चष्मे विकणारी मुलगी उरते, याची भीती वाटली. माझ्या भीतीपोटी तुझा गळा बंद पडला.

काल मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तिला काढल्याचं पत्र वृंदाच्या मंडळाला गेलंय, सह्या झाल्यात. मी आता कोणत्या तोंडाने सांगू?" मी तिथून हलले नाही. रडले, भांडले. शेवटी म्हणाले, "वीस फेब्रुवारीला तिला येऊ दे. एकटीने गाऊ दे. सूर टिकला तर मी मंडळाशी बोलेन. जागा निघेल." कुणाची निघेल ते ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माझी घे ताई. ती तुझीच आहे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ठेवायचं काही कारण उरलं नाही. सोबत माझा नादकाटा पाठवतेय, मास्तर सूर द्यायला वाजवतात तसलाच. तुझा तू इथेच खिडकीत टाकून गेलीस. घरात कुणी नसताना काटा टेबलावर वाजव, सूर घे, चार पानांचं ते लांब गाणं एकटीने गा, शेवटचा सूर धर आणि पुन्हा काटा वाजव. दोन्ही सूर जुळले तर कान तुझा खरा आणि खोटी मी. मी स्वतः करून पाहिलंय. माझा जवळजवळ अर्धा सूर उतरतो.

वीस तारखेला ये. मला भेटू नकोस, बोलू नकोस, पण ये.

पेन्सिल


२३ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र एकोणीसला आलं. पाच ओळी. सतरा वेळा तरी वाचल्या असतील.

"मी करून पाहिलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा खाली आले. म्हणजे तुला जे ऐकू येत होतं ते खरंच होतं. तू काही वाईट केलं नाहीस, मनाला लावून घेऊ नकोस. गात राहा."

ताई, तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी आनंदाने खाल्ल्या असत्या.

अगं, पाच महिने तू तोंडातून सूर काढलेला नाहीस! पाच महिने पलंगावर पडलेला माणूस उठला की लटपटतो, म्हणून तो जन्माचा लंगडा होतो का? आणि तू गायलीस ती कशी? प्रत्येक सुराला "हा उतरला का, हा उतरला का" करत गायली असशील. असं गाऊन कुणाचाही उतरेल. जरा रियाज कर, पंधरा दिवस कर, मग पुन्हा काटा लाव. हे मी तीन पत्रांत लिहिलं आणि तिन्ही टाकली नाहीत, कारण दादांचा फोन आला. म्हणाले, "तिने तो काटा कपाटात ठेवून दिलाय. आता शांत आहे. म्हणते, शंका फिटली. तुम्ही परत तो विषय काढू नका." बरं म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार होते?

तरी वीस तारखेला मी तालमीला गेले. वेडी आशा. मास्तरांनी दहा मिनिटं दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, मग म्हणाले, "चला." मी म्हणाले, मला आज बरं नाही, मी दाराशी बसून ऐकते.

पंधराजण उभे राहिले. तेच चार पानांचं गाणं. मी डावा कान त्यांच्याकडे करून बसले. तिसऱ्या पानावर एक जागा आहे बघ, जिथे आपण नेहमी घसरायचो आणि मास्तरांची भुवई वर जायची. तिथे कुणीही घसरलं नाही. शेवटचा सूर धरला तेव्हा मास्तरांनी काटा वाजवला, आणि तो होता तिथेच होता. वर्षभरात पहिल्यांदा. सगळे एकमेकांना टाळ्या देत होते. बुवांनी तर खाकरूला उचललंच.

मी एकटी होते, ताई. सोळांत मी एकटीच होते. बाकी कुणाचंही काही चुकत नव्हतं, तुझं तर कधीच नाही.

मी वृंद सोडला. त्यात मोठेपणा काही नाही, सोडायचं ते आता सोडून उपयोग काय. लग्नंही सोडली. शिकवणीतल्या मुलांच्या आयांना सांगितलं, दुसरी बाई बघा. बाटलीवाल्या पोराने विचारलं, "मग बाटली?" देऊन टाकली.

हे सगळं तुला पटणार नाही, ठाऊक आहे. मी शपथा घेतल्या तरी तू म्हणशील, बिचारी माझं मन राखतेय. तुला आता माझ्यापेक्षा त्या काट्यावर जास्त भरवसा आहे, आणि तो काटा मीच पाकिटात घालून, नीट पत्ता लिहून तुला पाठवला.

दादांना सांग, मी विषय काढणार नाही. हे शेवटचं. तुझी म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, आणि दुसऱ्या कुणाची मी नाही.

तू उगाच माफ केलेली,
मी