संत्र्याच्या सालींचा पाक

९ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. ह्यांचा खोकला थंडीबरोबर आला आहे, थंडीबरोबर जाईल, त्याचं कौतुक नको. तुम्ही सगळे मजेत असालच.

तुझा निरोप भाऊजींनी कारखान्यात ह्यांना सांगितला. त्यातला अर्धा हे वाटेत विसरले आणि उरलेला अर्धा मला उलटा सांगितला. "धाकटी विचारतेय, पिठाच्या चांदण्यांना भेगा का पडतात, की भेगा कशा पाडायच्या, असंच काहीतरी." म्हणून लिहूनच पाठवते आहे. फोन करावा तर तू तिकीटखिडकीवर असतेस आणि मध्येच "एक मिनिट हं ताई" म्हणून मला परक्या लोकांच्या गाड्यांच्या वेळा ऐकवतेस. ही चिठ्ठी डब्याच्या पिशवीत घालते. दोघं भाऊ एकाच छपराखाली शेजारी शेजारी रंधा मारत असतात, तेवढा तरी उपयोग होऊ दे.

तर खिडकीत टांगायच्या चांदण्या. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी बेताचं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. लाटून चांदण्या कापल्या की वरच्या टोकाला काडीने भोक पाड. वाळल्यावर पाडायला गेलीस तर तुकडाच हातात येईल. आणि ओव्हन अगदी मंद. भेगा पडतात त्या घाईमुळे. मुलांना धीर नाही म्हणून तू आच वाढवत असशील. मुलांना धीर असतो गं. आपल्याला नसतो.

बोक्याला बिनमिठाचा गोळा वेगळा दे, नाहीतर तो निम्म्या चांदण्या कच्च्याच खाईल. पोरगा पाच वर्षांचा झाला तरी त्याचं सगळं तोंडातच जातं. ठकीला कापायला दे, तिचा हात सरळ चालतो.

इथे जागा चांगली आहे. खिडकी मोठी असल्यामुळे अस्तरं लावायला दिवा लागत नाही. हिवाळा आला की सगळ्यांना एकदम आपापल्या कोटाचं अस्तर फाटल्याचं आठवतं, त्यामुळे मान वर काढायला फुरसत नाही. शेजारची बाई विचारत होती, भरलं घर सोडून इकडे कशा आलात? म्हटलं, मुलं मोठी होताहेत, तिथे जागा पुरत नव्हती.

बाकी ठीक.

थोरली

---

१५ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. आमचं बरं आहे. खोकला आहे.

तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, प्रश्नपत्रिकाच. माळेसाठी वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्यांना बुरशी आली, बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली, लोकरीचे गोंडे हातात धरल्याबरोबर सुटले. आणि खाली लिहितेस, "तुम्ही करत होतात तेव्हा किती सोपं दिसायचं."

दिसायचं खरं. तू कामावरून यायचीस तेव्हा खिडकीत माळा लागलेल्या असायच्या, ओटा पुसलेला असायचा आणि मुलांचे हात धुतलेले असायचे. त्याच्या आधीचं तू बघितलंस कधी? बोक्याने एकदा पिठाचा अख्खा डबा उपडा केला आणि त्यात बसून म्हणाला, "मोठीआई, बर्फ पडला!" ते पीठ मी फटींतून आठवडाभर काढत होते.

असो. चकत्या कापल्या की जुन्या कापडाने टिपून घे. ओव्हनच्या दारात चमचा अडकवून ते किलकिलं ठेव, वाफ बाहेर जायला हवी. बिस्किटांचं पीठ मळल्यावर फ्रिजमध्ये ठेव, लोणी घट्ट झाल्याशिवाय लाटू नकोस. गोंड्याचा दोरा आवळून दोनदा गाठ मार. झालं. एवढंच आहे ते, त्यात जादू नाही.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. लिहू की नको करत दुपारभरात दोन कोटांना उलटं अस्तर लावून बसले आहे.

परवा भाऊजींच्या फोनवर ठकीशी बोलले. ती म्हणाली, "मोठीआई, तू अजून संत्र्याच्या सालींचा पाक करतेस?"

म्हटलं, "करते की. तू ये, दोघी मिळून करू."

"नको."

"का गं?"

"आई म्हणते, तुझ्याकडे गरम काही असलं की लांब उभं राहायचं. तुझं लक्ष नसतं."

एवढ्या सरळ आवाजात म्हणाली ती. पाढा म्हटल्यासारखं. मी म्हटलं, "बरं, ठेवते हं."

धाकटे, माझं लक्ष नसतं?

मागच्या हिवाळ्यातला तो दिवस मी आजवर कोणापुढे काढलेला नाही. आज काढते. पाक उकळत होता. साली आत टाकलेल्या होत्या, ठकी ओट्याशी स्टुलावर उभी होती. बेल वाजली. दुकानाचा माणूस अस्तराचं कापड घेऊन आला होता, सही हवी होती. तू दारातून नुकतीच आत आली होतीस, फोन हातात होता. मी म्हटलं, "पातेल्याकडे बघ, पोरगी जवळ आहे." आणि तू म्हणालीस, "मी आहे ना ताई, तुम्ही जा."

मी आहे ना. हे तुझे शब्द.

मी सही करून वळते तोवर किंकाळी ऐकू आली. तिने साल काढायला हात घातला होता आणि तू खिडकीकडे तोंड करून कोणाला तरी उत्तर लिहीत होतीस. नळाखाली तिचा हात मी धरला. तू नुसती उभी होतीस, पांढरीफटक. दोघे भाऊ धावत आले आणि भाऊजींनी विचारलं, "पातेल्याजवळ कोण होतं?" तू काही बोलली नाहीस. मीही बोलले नाही. तुझ्या तोंडाकडे बघून मला वाटलं, ही आधीच अर्धी मेली आहे, हिला आणखी काय मारायचं. वाटलं, शांत झाली की सांगेल आपणहून.

तू सांगितलं नाहीस. उलट दवाखान्याच्या बाकावर, दोघा भावांसमोर मला ते वाक्य बोललीस. ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल, मला तर आहेच. दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही, आणि महिन्याभरात आम्ही सामान हलवलं. जागा पुरत नव्हती ना!

हे सगळं मी गिळलं असतं. गिळलंच होतं. तू कृती विचारत होतीस आणि मी मुकाट्याने लिहून देत होते, म्हटलं मुलांचा हिवाळा कोरडा का जावा? पण पोरीला माझी भीती घालतेस? नऊ वर्षं माझ्या पाठीमागे फिरली ती. तिच्या हातावरचा डाग जाईल न जाईल, पण तो मोठीआईने दिला असं मनात धरून ती मोठी होणार असेल, तर मला ते चालायचं नाही.

भाऊजींना सांगू नकोस, ह्यांना सांगू नकोस. त्यांना काय वाटतं याची मला फिकीर उरलेली नाही. ठकीला सांग. जसं घडलं तसं.

तोवर माझ्याकडून एकही कृती मिळणार नाही. बिस्किटं पसरली तर पसरू देत.

थोरली

---

२३ डिसेंबर

धाकटे,

पिशवी रोज रिकामी यायची. मी ह्यांना विचारायची नाही आणि हे आपणहून सांगायचे, "काही नाही दिलं." शेवटी मी खेकसले, "मी विचारलं का?" तेव्हा बिचारे डबा धुवायला गेले. चूक त्यांची नव्हती. पण माझा राग काढायला घरात दुसरं आहे कोण?

काल बेल वाजली आणि दारात दोघं पोरं उभी. पाठीला दप्तरं, हातात कपड्यांची पिशवी. बोका म्हणाला, "आई खाली आहे, ती वर येत नाही म्हणाली." मी पायात चपला सरकवून जिन्यात येईपर्यंत तू कोपऱ्यावरून वळलीससुद्धा. तुझा कोट मागून दिसला. त्याचं खालचं अस्तर लोंबतंय.

बोका सरळ स्वयंपाकघरात घुसला आणि पीठ कुठे आहे विचारू लागला. ठकी उंबऱ्यावरच थांबली. मी भाज्यांचं सूप ढवळत होते. मी तिला आत ये म्हटलं नाही. ती तिथूनच म्हणाली, "आईने सांगितलं. त्या दिवशी पातेल्याकडे ती बघणार होती. आणि ती फोनमध्ये बघत होती."

म्हटलं, "मग?"

"मग ती रडली. मग मी रडले. मग बोका पण रडला, त्याला काही कळलं नव्हतं तरी."

मी गॅस बंद केला. मला वाटलं होतं हे ऐकून हलकं वाटेल. तर ती कमरेवर हात ठेवून, अगदी तुझ्यासारखी, म्हणाली, "मग तू का नाही सांगितलंस?"

"तुझी आई घाबरली होती गं."

"मी पण घाबरले होते. मला कोणीच खरं सांगितलं नाही. मी एवढे दिवस तुझ्यावर फुकट रागावले."

आपण दोघी मोठ्या, एकमेकींना जपल्याचा नाहीतर टोचल्याचा हिशेब करत बसलो, आणि पोरीने वर्षभर फुकटचा राग वाहिला. मी तिला जवळ घेतलं. ती आली, पण लगेच नाही.

नंतर आम्ही साली केल्या. पाकाचं पातेलं मी एकटीने सांभाळलं. ती टेबलापाशी बसून निवलेल्या साली साखरेत घोळवत होती आणि बोका साखर चाटत होता. मी तिला ओट्याजवळ बोलावलं नाही. येईल तेव्हा येईल.

तू सांगितलंस ते बरं केलंस. सोपं नव्हतं, मला कळतं. पण खालच्या खाली पळून गेलीस याचा मला अजून संताप येतो आहे. एवढं अवघड ते केलंस आणि दोन मजले चढवले नाहीत?

आणि दुसरं, दवाखान्यातलं ते वाक्य, अजून बाकी आहे. "स्वतःचं असतं तर लक्ष राहिलं असतं." हे बघ, लिहिलं शेवटी. मला वाटलं होतं, कागदावर उतरलं की लहान दिसेल. दिसत नाही. डॉक्टरांच्या खोल्यांतून किती वर्षं मी काय ऐकत आले ते तुला माहीत होतं. माझ्याबरोबर तूच यायचीस, माझी पर्स धरून बाहेर बसायचीस. परक्या माणसाने म्हटलं असतं तर मी घरी येऊन तुलाच सांगितलं असतं. ते तूच म्हटलंस, तर मी कोणाला सांगायचं?

ह्याचं उत्तर चिठ्ठीत पाठवू नकोस. पिशवीतून तर अजिबात नको. ते वाक्य तू माझ्या तोंडावर बोललीस, आता जे काही बोलायचं असेल तेही तोंडावरच बोल. माफी मागावीस असं नाही. भांडायचं असेल तर भांड. पण वर येऊन.

मुलं उद्या संध्याकाळपर्यंत इथेच आहेत. त्यांना न्यायला भाऊजींना पाठवलंस तर मी पाठवणार नाही. ह्यांनाही सांगून ठेवलं आहे, पोचवायचं नाही. ज्या बाईने त्यांना माझ्या दारात सोडलं, तिनेच येऊन न्यायचं.

वाट बघत नाही, असं लिहिणार होते. बघते आहे.

थोरली