एरिदानो फिल्मचं काय झालं

तोरिनो, ११ नोव्हेंबर १९२४

तीर्थरूप दादांस (आणि वालमाज्जा गावच्या पाद्रीबाबांनाही, कारण हे पाकीट त्या दोघांपैकी कोण फोडेल याचा भरवसा नाही) धाकट्या एवासिओचा वाकून नमस्कार. पाठ हल्ली फारशी वाकत नाही, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्यावा. तुमचा गुडघा कसा आहे? अजून कोबीची पानं बांधता, की देवावर सोडलाय? चेस्टनटची पिशवी पोचली. वरची उत्तम होती. खालच्या निम्म्यांत किडे निघाले, पण तेही आपल्या गावचेच, म्हणून मी त्यांना न चिरडता खिडकीबाहेर सोडलं.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून, दुसऱ्यांदा हसू आलं म्हणून, आणि तिसऱ्यांदा हसू का आलं याचा राग आला म्हणून. चर्चशेजारच्या दालनात तुम्ही सिनेमा सुरू करणार! संतांची चरित्रं दाखवणार, बिशपसाहेबांचा आशीर्वाद आहे, आणि प्रोजेक्टर कुठला घ्यावा हे मी सांगायचं, कारण मी ‘या विषयातला जाणकार’. दादा, गेली पंधरा वर्षं मी या विषयातला कोण होतो ते आठवतं का? तुमच्या प्रवचनात मी ‘सैतानाचा छायाचित्रकार’ होतो. (नाव घेत नव्हतात हे खरं, पण तीनशे वस्तीच्या गावात ज्याचा भाऊ तोरिनोला सिनेमा काढतो असा पाद्री एकच होता.) आता सैतानानं धंदा बंद केल्यावर तुम्ही त्याचं दुकान चालवायला घेताय. वर जाता जाता विचारता, ‘तुझ्या त्या कंपनीचं शेवटी काय झालं?’ त्यातल्या ‘त्या’ शब्दाला हात धुऊन उचलल्याचा वास येतो. पण विचारलंत ना? मग ऐका. घाई असेल तर पत्र मिठाच्या डब्याखाली ठेवा आणि चाळीस दिवसांच्या उपासात वाचा. तोंडाची चव तशीही गेलेली असते.

१९०८ साली माझं फोटोचं दुकान होतं आणि समोर आमिल्कारे ओलिवेरोचं छत्र्यांचं. उन्हाळ्यात त्याच्याकडे गिऱ्हाईक नसायचं आणि हिवाळ्यात माझ्याकडे उजेड नसायचा, त्यामुळे मैत्री झाली. कंपनी काढायची कल्पना त्याची, कॅमेरा माझा. एरिदानो हे आपल्या पो नदीचं जुनं नाव, तेच कंपनीला दिलं. कोणालाच ते कळलं नाही. पहिल्या वर्षी दोन औषधवाल्यांनी पोटदुखीवरचा काढा समजून मागणी पाठवली. नदीकाठी आम्ही काचघर बांधलं, कारण दिव्यांपेक्षा ऊन फुकट पडतं. जुलैत आत टोमॅटो पिकले असते, पण जागा नव्हती, म्हणून आम्हीच पिकलो.

पहिलं मोठं चित्र होतं कार्थेजच्या पाडावाचं. (आमिल्कारे हे नाव कार्थेजच्या एका सेनापतीचं. दुकानदाराच्या पोराला बापानं ते का ठेवलं देव जाणे, पण त्यामुळे त्याला कार्थेज ही घरची इस्टेट वाटायची.) अकरा मिनिटांत सगळं शहर पाडायचं होतं. बांधायला तीन आठवडे लागले, आणि रोमन सैन्य पोचायच्या आत पावसानंच दोनदा पाडलं. सूतगिरणीत संप होता, तिथले कामगार सैनिक म्हणून आले. पण कार्थेजचा कोणी व्हायला तयार नाही, कारण कार्थेजवाल्यांनी चिखलात मरून पडायचं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. त्यातही जे मेले ते दर थोड्या वेळानं उठून पाइप ओढत बसायचे, आणि मी ओरडलो की पुन्हा मरायचे. सर्कशीतून एक हत्तीण आणली होती. तिनं आधी रोमन छावणीची गवती छपरं खाल्ली, मग पो नदीत उतरली आणि दुपार टळेपर्यंत पाण्यात बसून राहिली. काठावर दोनशे रोमन उभे. एरिदानोच्या अख्ख्या इतिहासात स्वतःच्या मनासारखं वागलेली ती एकटीच.

त्या चित्रात शहरातल्या बायका म्हणून आमच्याच कामगार बायका उभ्या केल्या होत्या. देल्फिना त्यांच्यात होती. माझी बायको नटी झाली असं तुमच्या कानावर आलं ते तेवढ्यावरून. नटी कुठली! ती आत टेबलापाशी बसून कात्री आणि ब्रश घेऊन फिती जोडायची, आगीच्या दृश्यांना लाल रंग द्यायची. घरी आली की तिच्या हातांना गोंदाचा असा वास यायचा की मांजर जवळ यायचं नाही. त्या दिवशी बायका कमी पडल्या म्हणून तिला पडद्याच्या कापडात गुंडाळून उभं केलं. दंड उघडे राहिले, कबूल. ते दंड चौदा वर्षं तुमच्या डोक्यातून गेले नाहीत, आणि दोष मात्र आमच्या डोक्यावर.

पुढची पाच वर्षं चांगली गेली. मग आमिल्कारेनं इसाओरा दी वाल्मोन्ते आणली. (खरं नाव पिएरिना. बाप वेर्चेल्लीच्या बाजारात आतडी विकायचा, आणि माझ्या मते तो सबंध घराण्यातला खरा कलावंत.) ही बाई प्रत्येक चित्रात मरायची. कोणी क्षयानं मरतं, कोणी विषानं. ही पडद्याला धरून मरायची, आणि चार मिनिटांच्या आत मरायला तिला अपमान वाटायचा. ती मरत असताना दुसऱ्या कोणाचा चेहरा दिसता कामा नये अशी करारात अट होती, त्यामुळे तिचा प्रियकर, तिची आई, डॉक्टर आणि पाद्री हे सगळे माझ्याकडे पाठ करून रडायचे. लोक रांगा लावायचे. आमिल्कारेनं छत्र्यांचं दुकान मेहुण्याला दिलं, फरचा कोट शिवला आणि मला ‘तू’ऐवजी ‘आमचे कॅमेरामन’ म्हणू लागला.

कंपनीला दहा वर्षं झाली तेव्हा त्यानं जाड कागदावर इतिहास छापला. छत्तीस पानं, सोनेरी कडा. त्यात हत्तिणीचा फोटो आहे. ज्या सर्कशीतून ती आणली तिच्या मालकाचं नाव आहे. मी आहे सर्वांत शेवटी, ‘इतर सहकारी’ या दोन शब्दांत, आणि त्यांत मी अधिक आहे की सुतार हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ आली. देल्फिना मंगळवारी कामावरून लवकर घरी आली आणि शनिवारी गेली. कंपनीकडून मोठं थोरलं फुलांचं चक्र आलं, पांढऱ्या लिलीचं. मी जवळ गेलो तर फुलं कागदाची. इसाओराच्या तीन मरणांत वापरलेलं चक्र होतं ते. मीच त्याच्यावर उजेड पाडलेला होता, मला पाकळी न् पाकळी ओळखीची. त्या दिवसांत शहरात फूल मिळत नव्हतं, खरं आहे. पण मग काही पाठवू नये. आणि तुमच्याकडून, दादा, एक कार्ड आलं. दोन ओळी. ‘प्रार्थना करतो. येता येत नाही.’ आईच्या वेळीही याच्यापेक्षा एक ओळ जास्त होती. तो विषय मी आजवर काढला नाही. आज काढलाय, आणि खोडणार नाही.

महायुद्ध संपल्यावर अमेरिकेची चित्रं आली. त्यांत लोक धावायचे, उड्या मारायचे, आणि मरायचेच असले तर पटकन मरायचे. इसाओराच्या चार मिनिटांत लोक उठून बाहेर जाऊन वाइन पिऊन परत येऊ लागले. १९२१ च्या वसंतात आमिल्कारेनं सगळ्यांना काचघरात गोळा केलं, फरचा कोट घालून भाषण केलं, स्वतःच रडला आणि कंपनी बंद केली. (इसाओरानं एका औषध कारखानदाराशी लग्न केलं. जाडजूड झालीय, मजेत आहे, मरायचं नाव काढत नाही.) काचा एका माळ्यानं नेल्या, तिथं आता खरोखरच टोमॅटो होतात. मी पुन्हा फोटोचं दुकान काढलं. फ्रान्सला आणि अर्जेंटिनाला जाणाऱ्यांचे पासपोर्टचे फोटो काढतो. पडून मरणारं कोणी नाही. सगळे ताठ बसून घाबरतात.

गेल्या वर्षी वाटलं, ते कार्थेज एकदा पाहावं. कशासाठी ते विचारू नका. आमिल्कारेकडे गेलो. तो पुन्हा छत्र्या विकतो, मेहुण्याच्या हाताखाली. म्हणाला, जुनी रिळं सगळी दिली, कंगव्यांच्या कारखान्याला. फितीचं सेल्युलॉइड चांगलं असतं, वितळवून कंगवे होतात. मी विचारलं, मला एक शब्द का नाही सांगितलास? त्यानं हातातली छत्री उघडली, मिटली. म्हणाला, “ते जुनं सगळं कोण बघणार होतं, एवासिओ?”

“मी,” म्हटलं.

“एका माणसासाठी कोणी सिनेमा ठेवत नाही.”

मी मारलं नाही त्याला. वाकलेला दिसला. निघताना एक छत्री देऊ लागला, ती घेतली नाही, आणि घरी येईपर्यंत पाऊस लागला.

मग कारखान्यात गेलो. मुकादम बाई होती, बाह्या वर केलेल्या, कामात. मी चित्राचं नाव सांगितलं, साल सांगितलं, हत्तीण सांगितली. ती म्हणाली, “आमच्याकडे फिती वजनावर येतात हो काका, नावावर नाही.” माझं तोंड पाहून तिला काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन एक कंगवा घेऊन आली. म्हणाली, असू द्या, तुमच्या फिती आल्या असतील त्या महिन्यातल्याच मालाचा आहे. तपकिरी, बारीक दातांचा. डोक्यावर एक केस नाही माझ्या, तुम्हाला माहीत आहे. तरी घेतला.

तर हे झालं त्या कंपनीचं. प्रोजेक्टरबाबत विचाराल तर मी काही सुचवणार नाही. एखाद्या जाणकाराला विचारा. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (असं लिहायची पद्धत आहे)
एवासिओ

ता. क. – वरचं पत्र मंगळवारी लिहिलं. आज शुक्रवार. काल तुमच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या जिनोत्ताबाई डोळे तपासायला तोरिनोला आल्या होत्या, त्या दुकानात डोकावल्या. बोलता बोलता साथीच्या महिन्याचा विषय निघाला. म्हणाल्या, त्या ऑक्टोबरात गावात त्रेचाळीस माणसं गेली, थडगी खणणारा पहिल्याच आठवड्यात गेला, आणि उरलेले खड्डे पाद्रीबाबांनी स्वतः खणले. गुडघा तेव्हापासूनचा. मला वाटत होतं प्रार्थनेनं झिजला. दादा, कार्डावर तिसरी ओळ लिहायला काय झालं होतं? वर म्हटलंय की खोडणार नाही. खोडत नाही, पण तेवढा भाग मोठ्यानं वाचू नका.

ता. क. २ – याच बाई आणखी एक बोलून गेल्या. १९१० च्या जत्रेत सिनेमाच्या एका फिरत्या तंबूवाल्याकडचं आमच्या कार्थेजचं रीळ तुम्ही उघड्या दंडांपायी जप्त केलंत आणि ‘चर्चच्या अंगणात जाळून टाकलं’ असं कंपनीला कळवलंत. ते पत्र मीच उघडलं होतं. जिनोत्ताबाई म्हणतात जाळलं बिळलं काही नाही, गोल पत्र्याचा डबा मेणबत्त्यांच्या कपाटात खालच्या फळीवर आहे. पटलं मला. आईची मोडकी चाळणीसुद्धा तुम्हाला टाकवत नाही. दादा, चौदा वर्षं तुम्ही मेणबत्त्यांशेजारी बंदुकीची दारू ठेवून मिस्सा म्हणताय. ही फीत ठिणगीनं पेटते आणि पाण्यानंही विझत नाही. डब्याला हात लावू नका. उघडू नका. थंड जागी हलवायचा तर दिवसाउजेडी, आणि चिलीम बाहेर ठेवून.

ता. क. ३ – प्रोजेक्टर मी आणतो. बसवतो, आणि तुम्ही सांगाल तितके महिने दांडा फिरवतो, सगळे संत एकामागून एक दाखवतो, एका शब्दाची कुरकूर करणार नाही. बुधवारच्या गाडीनं येतोय. डाव्या बाजूला हंडे घेतलेल्या बायका आहेत, त्यांतली तिसरी देल्फिना. शहर जळत असताना ती थेट कॅमेऱ्याकडे बघून हसते, त्यामुळे दृश्य बिघडलं आणि ते कापून टाक असं आमिल्कारेला मीच सांगितलं होतं. फीत कमी होती म्हणून राहिलं. तेव्हा मी तिच्यावर चिडलो, म्हटलं कॅमेऱ्याकडे बघायचं नाही हे हजारदा सांगितलंय. तर म्हणाली, “मग कुठे बघू? तिथं तर तू आहेस.” तो तुकडा आधी बघू, दादा. दोघंच. तुमचे संत नंतर.