देवळापाशी न वाजलेला भोंगा

वूचौ,
आठव्या महिन्याचा विसावा दिवस, १९३४

प्रिय कित यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही पिनांगला खुशाल असशील. तुझा पत्ता पिनांगहून परतलेल्या आपल्या गावच्या फाटकडून मिळाला. तू आता अंगाने भरला आहेस आणि पावसात तुझा डावा खांदा दुखतो, असे तो म्हणाला. खांद्याला आल्याचा रस गरम करून लावत जा.

तुझे दादा सहाव्या महिन्यात गेले. बावीस दिवस ताप होता. शेवटी फार त्रास झाला नाही.

थडग्याचा दगड घडवायला दिला आहे. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून खाली भावाचे नाव कोरायला हवे. दगडवाल्याने दोनदा विचारले. पण नऊ वर्षांपूर्वी तू बदकवाल्याबरोबर निरोप पाठवला होतास, की मला भाऊ नाही. तेव्हा तुला विचारल्याशिवाय कोरणे मला बरे वाटले नाही. हिवाळ्यातल्या सणापर्यंत तो थांबायला तयार आहे.

शाळा चालू आहे. आता दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. शाळेच्या गच्चीवरून अजून दोन्ही नद्यांचे पाणी दिसते, एक हिरवे आणि एक गढूळ, बराच वेळ शेजारी शेजारी जाणारे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तू मला पहिला प्रश्न विचारलास, "वहिनी, तुला पोहता येतं का?" मी नाही म्हणाले, तर तू दादांना म्हणालास, "मग ही काय कामाची?" दादा इतके हसले, की त्यांच्या हातातला भात सांडला. गेल्या महिन्यात त्यांचे कपडे आवरताना हे आठवले.

नदीतल्या चाच्यांच्या मागावर असलेल्या गोऱ्यांच्या गनबोटीवर दादांना वाटाड्याची नोकरी लागली ते दिवस चांगले होते. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावायचे आणि वर कुठल्या नदीला पूर आला आहे ते सांगायचे. गोऱ्या खलाशांना ते थोतांड वाटे. एकाने गंमत म्हणून बादलीत मीठ कालवून दिले. दादांनी चव घेतली आणि शांतपणे सांगितले, "समुद्र वर चढून आलाय. बोट फिरवा, घरी जाऊ." तेव्हापासून सगळे त्यांना मानाने लो बाबा म्हणू लागले. घरी येताना ते लीचीची जुडी आणत आणि तू अर्धी वाटेतच संपवत असायचास.

लुंगमो देवीच्या देवळावरून जाताना नावा फटाके लावतात. गनबोटीवर फटाके चालत नाहीत, म्हणून दादांनी कप्तानाकडे लांब भोंगा वाजवायची परवानगी मागितली. देवीचा मान म्हणून त्याने ती दिली. पुढच्या वळणामागच्या खाडीत तुझे लोक असत. भोंगा कुणासाठी वाजतो ते आपल्या तिघांनाच माहीत होते. चार वर्षे गनबोट खाडीत शिरली आणि तिला रिकामे पाणी मिळाले. त्या कामाबद्दल दादा कधी बोलले नाहीत. पण फेरीहून आले की "आज भोंगा छान वाजला," एवढे म्हणत, आणि तू सुखरूप आहेस हे मला कळे.

नंतर शिउहिंगला जाणारी प्रवाशांची लाँच लुटली गेली. पुई-लान बाई त्या लाँचवर होत्या. माझ्या वर्गाच्या शेजारचा वर्ग त्यांचा. त्यांना त्याच खाडीत डांबून ठेवले आणि खंडणी येईना, तेव्हा मारून नदीत टाकले. तू त्यात होतास की नाही हे मी कधी विचारले नाही, आताही विचारत नाही.

तुला वाटते, की त्यानंतरच्या फेरीला दादांनी आपणहून भोंगा वाजवला नाही. नोकरीसाठी भावाला विकले, असे तू बदकवाल्याला सांगितलेस. तसे नाही. आदल्या सकाळी आम्ही पेज पीत होतो. मी म्हणाले, "उद्या भोंगा वाजवू नका."

त्यांनी वाडगा खाली ठेवला. "तिथे कित असेल."

"पुई-लानही तिथेच होती," मी म्हणाले.

ते उठून बाहेर गेले. पेज तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी देऊळ आले तेव्हा कप्तानाने स्वतःच विचारले, आज देवीला नमस्कार नाही का? दादा म्हणाले, "आज देवी झोपलीय." मग वळण आले. तुमचे चौघे मेले आणि तू खांद्यात गोळी घेऊन पोहत गेलास. हे सगळे दादांनी मला घरी येऊन सांगितले, एकदाच. "तू सांगितलंस म्हणून" असे ते तेव्हाही म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत.

पुढची पाच वर्षे, नोकरी सुटेपर्यंत, ते दर फेरीला तिथे भोंगा वाजवत. खाडीत तेव्हा कुणीच नव्हते. मी एकदा म्हणाले, आता कशाला? पुढच्या फेरीलाही भोंगा वाजलाच.

तापात एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "कितला लिही. पण त्यात तुझं नाव घालू नकोस. माझ्यावर रागावलाय, ते राहू दे. मी गेल्यावर त्याला या घरात एक तरी माणूस उरू दे."

मी हो म्हणाले. आज ते मोडते आहे. पुन्हा तसा प्रसंग आला असता तर मी काय केले असते, हे मला खरोखर सांगता येत नाही. पण तुझा राग चुकीच्या माणसावर नऊ वर्षे राहिला, आणि त्या माणसाने तो राहू दिला. आता त्याच्या दगडावर तरी तो नको.

नाव कोरू की नको, एवढेच कळव. छिंगमिंगच्या सणाला थडगे साफ करायला यावेसे वाटले तर ये. किल्ली शेजारच्या चान आजींकडे असेल. तुला माझे तोंड पाहायचे नसेल, तर मी त्या दिवशी शाळेत राहीन.

तुझ्या दादांना गप्प बसायला सांगणारी,
तुझी वहिनी
सौ-हान