पिस्तूल उत्तम आहे, फक्त अडकतं

३ जून
नवं पिस्तूल आलं! परवान्यावर नोंदही झाली. गोळ्या नळीच्या वर आडव्या भरायच्या, रिकामी पुंगळी खालून पडते. असं डोकं आजवर कुणी लढवलं नव्हतं. कंपनी बंद पडली म्हणे. काळाच्या पुढे असणाऱ्यांचं असंच होतं. बायकोने विचारलं, मग घेतलं कशाला? तिला इंजिनिअरिंग सांगून उपयोग नाही.
संकल्प: सप्टेंबरची सांघिक स्पर्धा याच पिस्तुलाने मारायची.

५ जून
रेंजवर गेलो. तीन गोळ्या झकास. चौथी अडकली. नवं आहे, लाजतंय. संघातला दंतवैद्य वाकून बघून म्हणाला, काढून टाकावं लागेल. त्याला दुसरं येतं काय!

१९ जून
तेल बदललं. अडकलं. काडतुसं बदलली. अडकलं. हवा दमट आहे.

२ जुलै
या पिस्तुलाच्या मालकांचा ऑनलाइन ग्रुप सापडला. जगभरात मिळून अकरा सभासद. विचारलं, भरवशाचं आहे ना? एकाने लिहिलं, नऊ वर्षांत एकदाही दगा दिला नाही. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

३ जुलै
त्याने ते काचेच्या कपाटात ठेवलंय. एकदाही उडवलेलं नाही. (हे वाचून दाखवलं नाही.) दुसरा म्हणतो, थंडीत अडकतं, तसं उन्हाळ्यातही. तिसऱ्याने विचारलं, तुमचं विकायचंय का, सुटे भाग हवे होते.
एकूण मतं संमिश्र.

२० ऑगस्ट
संघातल्या तिसऱ्या म्हणजे गणिताच्या बाई. निवृत्त. अकरा वर्षं या स्पर्धेच्या ढालीच्या मागे आहेत. यंदा शेवटचं, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, तुम्ही क्लबचं जुनं पिस्तूल घेता का? मी म्हटलं, बाई, तुम्ही निर्धास्त राहा.

७ सप्टेंबर
पहिल्या दोन गोळ्या बरोब्बर मधोमध! तिसरी अडकली. काढली. पाचवी अडकली. वेळ संपली. ढाल चार गुणांनी गेली.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, डबीत ठेवला आणि डबी बराच वेळ हातात धरून बसल्या.
जेवलो नाही.

८ सप्टेंबर
ग्रुपवर लांबलचक मत टाकलं. भंगार. कुणीही घेऊ नये. सहा जणांनी लगेच पाठिंबा दिला. जरा बरं वाटलं.

१५ सप्टेंबर, सकाळी
पिस्तुलाच्या वतीने बाईंची माफी मागायला रेंजवर गेलो. बाई म्हणाल्या, बघू तरी काय म्हणतंय. त्यांनी चाळीस गोळ्या उडवल्या. एकही अडकली नाही. मी म्हटलं, आज हवा कोरडी आहे. बाहेर पाऊस पडत होता.
बाईंनी माझा हात धरून हलवून पाहिला. म्हणाल्या, अहो, मनगट किती ढिलं! असं धरलं तर कुठलंही अडकेल.
मी घट्ट धरलं. दुसरी अडकली.
बाई आता पुढच्या वर्षीही उतरणार आहेत. पिस्तूल विकत मागितलं, कागदपत्रं करू म्हणाल्या. संघात माझं काय, हे विचारणारच होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, दंतवैद्याची बहीण बरी नेमबाज आहे.