शेळी नव्हे, हरीण

जावईबापू,

चष्म्याचा नंबर बघायला चाललोय, अकरापर्यंत येतो. चहा थर्मासमध्ये आहे.

काल मी तोंडाला येईल ते बोललो. जुन्या नाण्यावरचा हिरवा थर कधी घासायचा नसतो, हे आधी सांगायला हवं होतं. नोकरी सुटल्यापासून तुम्ही घरात हातभार लावायला धडपडताय, आणि लिंबू-मीठ घेऊन घासायला बसलात ते नेमके माझ्या प्राण्यांची चित्रं असलेल्या रोमन नाण्यांपुढे.

आज सकाळी राग गिळून तुम्ही घासलेलं ते नाणं भिंगाखाली धरलं. बारा वर्षं मी त्यावरच्या प्राण्याला शेळी म्हणत आलो, त्यावरून जाणकारांशी भांडलोही. थर गेला तशा शिंगांना फांद्या दिसल्या. ते हरीण आहे.

दाराआड तुमची भरलेली बॅग दिसली. ती आधी रिकामी करा. मुलीला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

त्या नाण्याच्या खणातली ‘शेळी’ लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकलीय. नवी तुमच्या हाताने लिहा.

बाकीच्या नाण्यांना लिंबू लावू नका. पण ज्यावरच्या प्राण्याला मी रानडुक्कर म्हणतो, त्या नाण्याचा आता मलाही संशय येतोय. मी आलो की दोघं मिळून बघू.

सासरे